आठ पैसे की साडेतेरा टक्के? लष्करमधल्या एका अभ्यासवर्गाचे प्रकरण

पार्श्वभूमी

ग्वाल्हेरच्या ज्या भागाला आम्ही लष्कर म्हणतो, त्याचे नावच फौजेच्या तळावरून पडले. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली, भोवती बाजार वसला आणि फौज हलली तरी नाव राहिले. शेजारी कंपू आहे, शिंदे की छावनी आहे, जिन्सी नाला आहे. आजही हे गाव फौजेला धरूनच जगते. महाराजपूरला मिराज विमानांचा हवाई तळ, गावात संरक्षण संशोधनाची मोठी प्रयोगशाळा, टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाची अकादमी, आणि भिंड-मुरैनाकडच्या रस्त्यांवर भरतीसाठी पहाटे धावणारी मुले. इथे संरक्षण खर्चाबद्दल बोलायचे म्हणजे कोणाच्या तरी घरच्या पगाराबद्दल बोलणे असते. आमच्या वर्गात नेमके तेच झाले, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवते आहे. नावे काढली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

२०२५ च्या उन्हाळ्यात एका मराठी मंडळाच्या सभागृहात सोळा ते एकवीस वयाच्या सतरा मुलामुलींसाठी आम्ही सहा रविवारांचा वर्ग घेतला. विषय होता केंद्राचा अर्थसंकल्प वाचायचा कसा, आणि हाताशी होता २०२५-२६ चा अर्थसंकल्प. मी अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. सोबतीला मंडळाचे खजिनदार होते. ते पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले असल्यामुळे सगळे त्यांना सुभेदारकाकाच म्हणतात. सभागृहाच्या किल्ल्याही त्यांच्याकडेच असत, पितळी बिल्ला लावलेल्या.

वर्ग १८ मे रोजी सुरू झाला. त्याआधी ७ मेला ऑपरेशन सिंदूर झाले होते आणि त्याच संध्याकाळी ग्वाल्हेरमध्ये दिवे घालवण्याचा सराव झाला होता. मुलांच्या डोक्यात फौज हाच विषय होता.

अडचण

वर्गातला मुख्य खेळ असा: तीन गट करायचे, प्रत्येक गटाने प्राथमिक आरोग्यासाठी ५०,००० कोटी रुपये शोधायचे, आणि राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भागवावा लागणारा खर्च, वाढवायची नाही. म्हणजे कुठून तरी काढूनच द्यायचे.

पहिली खडाजंगी दुसऱ्या रविवारी झाली, तीही आकड्यावरून. एका गटाने फळ्यावर लिहिले, ‘संरक्षण : रुपयातले ८ पैसे.’ दुसऱ्याने लिहिले, ‘संरक्षण : १३.४५ टक्के.’ दोन्ही गट सरकारी कागद दाखवत होते आणि एकमेकांना खोटे म्हणत होते. तेवढ्यात तिसऱ्या गटातला एक मुलगा, ज्याचे वडील टेकनपूरला आहेत, उठून म्हणाला की हे सगळेच कमी आहे, लष्करी खर्चात जगात भारत पाचव्या क्रमांकावर आहे. मी त्या दिवशी ‘तिन्ही बरोबर आहेत, पुढे समजावते’ एवढेच म्हणून विषय पुढे ढकलला. ही माझी चूक होती. तिच्याकडे शेवटी येते.

खरी अडचण तिसऱ्या रविवारी, १ जूनला आली. त्या दिवशी पालकही बसले होते. पहिल्या गटाची मांडणी करायला एकोणीस वर्षांची एक मुलगी उभी राहिली. तिने संरक्षणाचे चार भाग फळ्यावर नीट लिहिले. महसुली (पगार, डागडुजी असा चालू) खर्च ३,११,७३२ कोटी, भांडवली (विमाने, शस्त्रे अशा खरेदीचा) १,८०,००० कोटी, निवृत्तिवेतन १,६०,७९५ कोटी, मंत्रालयाचा नागरी खर्च २८,६८२ कोटी. एकूण ६,८१,२१० कोटी. मग निवृत्तिवेतनाच्या ओळीपुढे तिने लाल खडूने लिहिले, ‘– ४०,०००’.

सभागृहात कोणी बोलेना. काका मागच्या बाकावर होते. ते उठले, पुढे आले, किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, “ताई, बंद करून घ्या तुम्ही. मला आता बसवत नाही.” आणि गेले.

मुलीला वाटले असेल की तिला कोणी तरी रागावेल. कोणी रागावले नाही. मी विचारले, हीच ओळ का घेतलीस? ती म्हणाली, “मॅडम, माझ्या भावाच्या नशिबात ही ओळच नाही. मग ती एवढी मोठी कशी?”

तिचा भाऊ अग्निवीर आहे, पहिल्याच तुकडीतला. कोरोनाच्या दोन वर्षांत सेनेची भरती झाली नाही, तो वाट पाहत धावत राहिला. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली आणि इथल्या बिर्लानगर स्थानकावर तोडफोड झाली, तेव्हा आईने त्याला घरात कोंडून ठेवले होते. पुढे त्याची निवड झाली. तिसऱ्या वर्षी पगार ३६,५००, त्यातला तीस टक्के सेवानिधीत जातो, हातात २५,५५०. चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतील. जास्तीत जास्त पंचवीस टक्के जण कायम होतील, बाकीच्यांना साधारण ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी घेऊन घरी यायचे आहे. पेन्शन नाही.

तिने काकांना दुखवायला ती ओळ उचलली नव्हती. अज्ञानातूनही उचलली नव्हती. एकाच गल्लीत दोन सैनिक, एकाला आयुष्यभराचे निवृत्तिवेतन, दुसऱ्याला चार वर्षे. तिचा प्रश्न खरा होता, आणि काकांचे उठून जाणेही खरे होते.

कोणते पर्याय होते

त्याच रात्री मंडळाच्या चार जणांशी बोलणे झाले. दोघांचे म्हणणे, संरक्षण हा भाग वगळा. सध्या वातावरण तापलेले आहे, बाहेर कोणी ‘मराठी मंडळात फौजेची पेन्शन कापायला शिकवतात’ असे म्हटले तर निस्तरायचे कोणी? यात तथ्य होते. पण संरक्षण वगळून केंद्राचा अर्थसंकल्प शिकवणे म्हणजे भाकरी वगळून स्वयंपाक शिकवणे. व्याजाच्या १२.७६ लाख कोटींखालोखाल मोठ्या रकमांपैकी ही एक. मुलांनी त्यातून एवढेच घेतले असते की जिथे भावना असते तिथे हिशेब मागायचा नाही.

दुसरा पर्याय होता, पालकांना न बोलावता पुढचे वर्ग घ्यायचे. सोयीचा होता. पण काका परत आले नसते आणि त्या मुलीला आपण काही तरी लाजिरवाणे केले असे वाटत राहिले असते.

बाहेरून एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याचे व्याख्यान ठेवावे, असेही एकाने सुचवले. त्यावर फार वेळ घालवला नाही. व्याख्यान ऐकून टाळ्या वाजतात, फळ्यावरची ओळ तशीच राहते.

चौथा पर्याय माझा होता. काकांच्या घरी जायचे, त्या मुलीला घेऊन. आणि वर्गाचा नियम बदलायचा: कपात सुचवण्याआधी प्रत्येक ओळ कशाची बनली आहे आणि ती कोणत्या निर्णयाने जन्माला आली हे लिहायचे. धोका उघड होता. काकांनी दार उघडले नसते तर वर्ग तिथेच संपला असता. मुलीने येण्याचे कबूल केले, पण एका अटीवर. माफी मागणार नाही, हिशेब समजून घेईन. मला ती अट योग्य वाटली.

काय केले

बुधवारी संध्याकाळी गेलो. काकूंनी पन्हे आणले. काकांनी पहिली पाच मिनिटे आमच्याकडे पाहिलेही नाही. मग म्हणाले, “बाळ, तुझा आकडा मी घरी येऊन मांडला.” दुधाच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने भागाकार होता. संरक्षण निवृत्तिवेतनधारक ३४ लाखांच्या वर आहेत. ४०,००० कोटी भागिले ३४ लाख, माणशी वर्षाला १,१७,६४७. भागिले बारा, ९,८०४. पुढे काकांनी लिहिले होते: ‘महिना नऊ हजार आठशे. त्यात विधवा पण.’

त्या पानाकडे ती मुलगी बराच वेळ पाहत राहिली.

मग काकांनी मोबाइलवर ‘स्पर्श’ हे संरक्षण निवृत्तिवेतनाचे संकेतस्थळ उघडून आपली पेन्शनची पावती दाखवली. मूळ पेन्शन, त्यातून विकलेल्या (निवृत्त होताना एकरकमी पैसे घेऊन सोडलेल्या) हिश्शाची कपात, वर महागाई भत्ता. विकलेला हिस्सा पंधरा वर्षांनी परत मिळतो हेही सांगितले. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो देताना कसे वाटते हे सांगताना आवाज जड झाला. मी मध्ये एकच गोष्ट सांगितली: १९८२ च्या नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेतून मिळवलेला हक्क आहे असे म्हटले होते. मुलीने लगेच विचारले, “मग माझा भाऊ सेवा करत नाही का?” काकांनी उत्तर दिले नाही. पण निघताना म्हणाले, “रविवारी येतो. माझी बाजू मीच मांडणार. तुझी तू मांड.”

८ जूनचा पूर्ण रविवार आम्ही अंश आणि छेद यांवर घालवला. जे दुसऱ्या रविवारी करायला हवे होते ते तेव्हा केले.

८ पैसे कुठून येतात? अर्थसंकल्पासोबतच्या ‘रुपया कसा जातो’ या चित्रात संरक्षणात निवृत्तिवेतन धरत नाहीत. ते वेगळ्या ‘निवृत्तिवेतन’ या भागात जाते. म्हणून अंश लहान होतो. छेदही मोठा असतो, कारण राज्यांना जाणारा करांचा वाटा, म्हणजे १४.२२ लाख कोटी, त्यात मिळवलेला असतो. महसुली आणि भांडवली मिळून ४.९२ लाख कोटी, छेद सुमारे ६४.८८ लाख कोटी. उत्तर साडेसात टक्क्यांच्या थोडे वर, म्हणजे ८ पैसे.

१३.४५ टक्के येतात ते संपूर्ण ६.८१ लाख कोटींना केंद्राच्या ५०.६५ लाख कोटींच्या खर्चाने भागून. आणि हाच अंश सुमारे ३५७ लाख कोटींच्या सकल देशांतर्गत उत्पन्नाखाली (जीडीपी) ठेवला की १.९ टक्के. टेकनपूरच्या मुलालाही त्याचे उत्तर मिळाले. सीमा सुरक्षा दलाचा खर्च गृहमंत्रालयाच्या मागणीत (मंत्रालय खर्चासाठी संसदेकडे जी मंजुरी मागते तिला मागणी म्हणतात) असतो, संरक्षणाच्या नव्हे. स्टॉकहोमची सिप्री ही संस्था मात्र भारताच्या लष्करी खर्चात निमलष्करी दलेही धरते, म्हणून २०२४ साठी तिने दिलेला ८६.१ अब्ज डॉलरचा आकडा आणि तिचा टक्का सरकारी टक्क्याहून मोठा दिसतो. आपल्या वडिलांचा पगार एका यादीत आहे आणि दुसऱ्या यादीत नाही, हे कळल्यावर तो मुलगा दोन्ही कागद घरी घेऊन गेला.

शिक्षण आणि आरोग्याशी तुलना हा पुढचा मुद्दा. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाला १,२८,६५० कोटी, आरोग्य मंत्रालयाला जवळपास एक लाख कोटी. पाचपट, सातपट असे शब्द लगेच तोंडात येतात. पण संरक्षण पूर्णपणे केंद्राच्या यादीत आहे. रुग्णालये राज्यांची आणि शाळांचा मोठा भार राज्यांवर. लष्करमधल्या सरकारी शाळेच्या शिक्षकाचा पगार भोपाळच्या अर्थसंकल्पातून येतो. तरीही ही तुलना पूर्णच फोल आहे असे मी मुलांना सांगितले नाही. केंद्र आपल्या हातातला पैसा कुठे ठेवते, ही निवड खरीच आहे. फक्त पाचपट हा आकडा देशाचा म्हणून सांगू नये.

१५ जूनला काका बोलले, वीस मिनिटे. मला वाटले होते ते पेन्शनवरच बोलतील. ते बोलले सामानावर. महसुली ३.११ लाख कोटींत सुमारे १ लाख ९७ हजार कोटी पगार-भत्त्यांचे. पगार आणि निवृत्तिवेतन मिळून संरक्षणाच्या निम्म्याहून जास्त. उरलेल्या सुमारे १ लाख १४ हजार कोटींत दारूगोळा, इंधन, डागडुजी, कपडे, शिधा. “कपात आली की पहिली इथे येते,” ते म्हणाले, “कारण इथे कोणी कोर्टात जात नाही.” उंच बर्फाळ भागातल्या जवानांना बूट आणि चष्मे कमी पडल्याचे महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये संसदेसमोर आलेल्या अहवालात नोंदले आहे, ते मी जोडले. काकांनी स्वतःच्या पायाची दोन बोटे दाखवली नाहीत, पण बोलताना त्यांचा हात बुटाकडे गेला. ती हकिगत आम्हा मोठ्यांना माहीत आहे.

मग ती मुलगी बोलली. तिने आपली ४०,००० ची ओळ मागे घेतली आणि त्या जागी एक कालरेषा काढली. आज जे निवृत्तिवेतन दिले जाते ते तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या भरतीचे आहे, त्यावर नोव्हेंबर २०१५ च्या आदेशाने लागू झालेल्या ‘एक पद एक निवृत्तिवेतन’ची (पद आणि सेवा सारखी, तर केव्हाही निवृत्त झाला तरी पेन्शन सारखी) भर. एका वर्षात ही रक्कम १,४१,२०५ कोटींवरून १,६०,७९५ कोटींवर गेली, म्हणजे जवळपास १४ टक्के वाढ. अग्निपथमुळे होणारी बचत या ओळीत उतरायला अनेक वर्षे जातील, कारण तिच्या भावाच्या वयाचे लोक एरवीही आज पेन्शन घेत नसतेच. “म्हणजे त्याग आत्ताचा आहे आणि बचत नंतरची,” ती म्हणाली. “आणि ती बचत बुटांवर जाईल की विमानांवर की कुठेच नाही, हे कुठेही लिहिलेले नाही.” मी अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले, पण हे मला इतके स्वच्छ मांडता आले नसते.

काय निष्पन्न झाले

२२ जूनला तिन्ही गटांनी आपले अर्थसंकल्प ठेवले. निवृत्तिवेतनाला कोणीही हात लावला नाही.

एका गटाने भांडवली खर्चाकडे पाहिले. २०२४-२५ मध्ये १,७२,००० कोटी ठेवले होते, सुधारित अंदाजात, म्हणजे वर्ष सरताना पुन्हा मांडलेल्या आकड्यात, ते १,५९,५०० कोटींवर आले. १२,५०० कोटी खर्चच होणार नव्हते, तर ते आरोग्याला का देऊ नयेत, असा त्यांचा प्रश्न. दुसऱ्या गटाने लगेच हरकत घेतली: पैसा उरतो कारण करार लांबतात, आणि करार झाला की बिले पुढे वर्षानुवर्षे येत राहतात. एप्रिल २०२५ मध्ये नौदलाच्या २६ राफेल विमानांचा सुमारे ६३,००० कोटींचा करार झाला, त्याचे हप्ते पुढल्या अर्थसंकल्पांत बसवावे लागणार. मार्च संपला की न वापरलेला पैसा परत जातो, म्हणून पंधराव्या वित्त आयोगाने संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेच्या आधुनिकीकरणासाठी न संपणारा स्वतंत्र निधी सुचवला होता. या दुसऱ्या गटाने तो आपल्या अर्थसंकल्पात घातला आणि आरोग्याचे ५०,००० कोटी इतर खात्यांतून थोडे थोडे काढले. त्यांना ते फार जड गेले. प्रत्येक ओळीमागे कोणी तरी होते.

टेकनपूरच्या मुलाच्या गटाने संरक्षण जीडीपीच्या ३ टक्के करावे असे मांडले. गणित त्यांनीच केले. सुमारे १०.७ लाख कोटी लागतील, म्हणजे आजच्याहून ३.९ लाख कोटी अधिक. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या तिप्पट. तेवढे कर्ज काढले तर तूट जीडीपीच्या ४.४ वरून साडेपाच टक्क्यांवर जाते आणि व्याज, जे आजच संरक्षणाच्या पावणेदोनपटीहून अधिक आहे, ते आणखी फुगते. मुलगा आपल्या मागणीवर ठाम राहिला, मात्र कोणता कर वाढवायचा तेही त्याने लिहिले. मला त्याच्या निष्कर्षापेक्षा ते लिहिणे मोठे वाटले.

सगळे गोड झाले नाही. एका पालकांनी चौथ्या रविवारपासून मुलाला पाठवणे बंद केले, ते अखेरपर्यंत. गणेशोत्सवात हे तक्ते लावायचे ठरले होते, ते मंडळाच्या समितीने नको म्हटले. मी विरोध नोंदवला, पण बहुमत मान्य केले. काका आणि ती मुलगी यांचे अग्निवीरांबाबत एकमत झालेले नाही. काकांना वाटते तरुण फौज हवी. तिला वाटते तरुणपणाची किंमत एकट्या तरुणाने का भरायची. दोघे भेटले की यावरच बोलतात.

आज पुन्हा केले तर

पहिल्या रविवारी मी चाळीस मिनिटे इतिहासात घालवली. डिसेंबर १८४३ च्या महाराजपूर आणि पनिहारच्या लढायांनंतर शिंद्यांची फौज छाटली गेली आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमातले कंटिन्जंट हे दल वाढवण्यात आले. पैसा ग्वाल्हेरच्या महसुलातला, हुकूम कंपनीचा. मला हा भाग फार प्रिय आहे आणि मुलेही रंगून ऐकतात. पण तो वेळ अंश आणि छेद यांना दिला असता तर दुसऱ्या रविवारी मुलांनी एकमेकांना खोटे म्हटले नसते.

दुसरे, काकांना मी ‘अनुभव सांगायला’ बोलावले आणि मागच्या बाकावर बसवले. ज्याच्या घरावर ओळ पडणार आहे त्याला श्रोता म्हणून बसवायचे आणि अचानक फळ्यावर लाल खडू दाखवायचा, हे चुकीचे होते. मुलीचा भाऊ अग्निवीर आहे हेही मला आधी विचारून कळले असते. मी विचारलेच नव्हते.

खेळाचा नियमही बदलायला हवा. ५०,००० कोटी ‘काढा’ म्हटले की हात सर्वांत मोठ्या ओळीवर जातो. आता आम्ही मुलांना आधी चार चिठ्ठ्या लावायला सांगणार: कायद्याने बांधलेले, कराराने बांधलेले, पगाराचे, आणि यंदा ठरवता येईल असे. कपात फक्त शेवटच्या चिठ्ठीतून सुरू होईल. त्या चिठ्ठीखाली किती कमी उरते, ते मुलांना स्वतः दिसू दे.

पुढे नवा अर्थसंकल्प येईल. त्यानंतरच्या रविवारी वर्ग ठेवला आहे, पालकांसह. संरक्षणाच्या चारही मागण्यांचे पान मोठ्या अक्षरात छापून आणायचे काम काकांनी अंगावर घेतले आहे. त्या मुलीने सांगितले आहे की भाऊ रजेवर असेल तर तोही येईल, आणि त्याला पुढच्या बाकावर बसवायचे.